वीस अंशांवरचा चौकोन

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर पाण्याची लाईन टाकून झाली आणि अठरा पाईप उरले, तेव्हा आमच्या ऑफिसात कुणालाही माझ्या नकाशावर शंका आली नाही. मला तर मुळीच नाही. संशय गेला तो चर खोदणाऱ्या माणसांवर.

तोवर नकाशाच्या कामात मला दहा-बारा वर्षं झाली होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी आयटीआयमधून सिव्हिल ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. वर्गात आम्ही दोघीच मुली होतो, आणि सर्टिफिकेटवर 'मन'च्या जागी काय लिहायचं हे तिथल्या क्लार्कला शेवटपर्यंत सुचलं नाही. मग जुन्या आग्रा रोडवर, टाइल्सच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर असलेल्या छोट्या ऑफिसात मला नोकरी लागली. ऑफिस चालवणारे सर म्हणजे सरकारी खातं सोडून बाहेर पडलेले इंजिनिअर. गावतळी, छोटे बंधारे, पिण्याच्या पाण्याच्या योजना अशी कामं आम्ही करायचो. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीतून यायची, नाशिकरोडला बस बदलून. बाबा तेव्हा केंद्रात ऑपरेटर होते.

पहिली काही वर्षं काम हाताचं होतं. सरकारी टोपोशीटवर, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर, ट्रेसिंग पेपर पसरायचा, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावायची आणि समान उंचीच्या रेषा शाईच्या पेनाने गिरवायच्या. निफाड-येवल्याकडचा कागद असला की दुपारपर्यंत हातावेगळा. पेठचा कागद आला की आठवडा जायचा, कारण डोंगरात त्या रेषा केसांसारख्या एकमेकींना चिकटून धावतात. एक चुकली की खालच्या दहा चुकतात. माझ्या फारशा चुकल्या नाहीत. मी हे अभिमानाने सांगते, तेव्हाही सांगायची.

पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि तो शिकणारी पहिली मीच. दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांत सरांच्या पुण्यातल्या एका मित्राने एक सीडी पाठवली. तिच्यात अवकाशयानातून रडारने मोजलेल्या जमिनीच्या उंच्या होत्या. एका अंशाची एक फाईल. अंशाचे उभे-आडवे बाराशे-बाराशे भाग केलेले, म्हणजे दर तीन सेकंदांना एक उंची. हे सेकंद घड्याळाचे नव्हेत, कोनाचे: अंशाचा साठावा भाग मिनिट, मिनिटाचा साठावा भाग सेकंद. वीस अंशांची रेघ नेमकी नाशिक शहरातूनच जाते, त्यामुळे पंचवटी वरच्या फाईलमध्ये आणि नाशिकरोड खालच्या. आमची कॉलनी खालच्या फाईलच्या वरच्या काठाशी. पेठ सगळं वरच्या फाईलमध्ये. मी ती उघडली आणि पडद्यावर करड्या रंगाचे चौकोन चौकोन झाले. अंधारे म्हणजे दरी, उजळ म्हणजे डोंगर. ज्या रेषांवर माझा आठवडा जायचा त्या मशीनने मिनिटभरात काढून दिल्या.

आता एका चौकोनाची बाजू किती मीटरची, हे प्रोग्रामला सांगावं लागत होतं. एक अंश म्हणजे सुमारे एकशे अकरा किलोमीटर, हे शाळेतच शिकलेलं. भागिले बाराशे. मी ब्याण्णव मीटर टाकले. नुसतं टाकून थांबले नाही, तपासलंही. जुन्या टोपोशीटवरचं एक टेकडीवरचं देऊळ आणि त्याच्या बरोबर उत्तरेला असलेला एक पूल घेतला, दोघांमधलं अंतर पट्टीने मोजलं आणि मग पडद्यावर मोजलं. दोन्ही जुळली. मी सरांना बोलावून दाखवलं. सर म्हणाले, "उंच्यांवर विसंबू नकोस. जागेवर पाणी भरलेली लेव्हलची नळी लावून तपासल्याशिवाय एकही उंची आराखड्यात जायची नाही." ते बरोबरच होतं. एवढ्या मोठ्या चौकोनाला एकच उंची असेल तर डोंगरात ती कितपत खरी धरायची? लांबीबद्दल मात्र सर काही बोलले नाहीत आणि माझ्याही मनात काही आलं नाही.

त्याच वर्षी पेठच्या दोन पाड्यांची योजना आमच्याकडे आली. डोंगरातला झरा अडवायचा आणि पाईपने, नुसत्या उतारावर, पंपाशिवाय पाणी खाली आणायचं. पहिल्या पाड्याची लाईन उत्तर-दक्षिण होती, नऊशे मीटर. दुसऱ्या पाड्याचा झरा पश्चिमेला आणि वस्ती पूर्वेला, डोंगराच्या कडेकडेने जवळपास सरळ दोन किलोमीटर. आमच्या सुपरवायझरने पाण्याची पारदर्शक नळी घेऊन उंच्या तपासल्या, दगडांना चुना लावून खुणा केल्या. लांबी माझ्या नकाशावरून घेतली आणि तेवढे पाईप मागवले. पाड्यावरच्या लोकांनी सहा-सहा मीटरचे लोखंडी पाईप खांद्यावरून वर नेले, चर खोदला, पाईप जोडले, बुजवले.

पहिल्या पाड्यावर हिशेब चोख बसला. दुसऱ्यावर, तुटफुटीचे जास्तीचे सोडूनही, अठरा उरले. शंभराहून जास्त मीटर.

सुपरवायझर ऑफिसात येऊन म्हणाला, "सर, खुणांप्रमाणे चर खोदलेलाच नाही. मधला खडकाळ वळसा यांनी गाळला असणार."

"नकाशात चूक असेल तर?" सरांनी विचारलं. माझ्याकडे बघून विचारलं, हे खरं.

मी म्हणाले, "सर, डोंगरात जमिनीवरची लांबी नकाशापेक्षा थोडी जास्तच भरते. कमी कशी भरेल? आणि दुसरी लाईन त्याच नकाशावरून काढलीय. ती जुळली ना?"

सरांनी पाड्याच्या पाणी समितीला पत्र लिहिलं: चर आराखड्याप्रमाणे खोदलेला दिसत नाही, तपासणी होईपर्यंत लाईन सुरू करता येणार नाही. सुपरवायझरने वस्तीच्या टाकीजवळच्या व्हॉल्व्हला कुलूप घातलं. एप्रिल महिना होता. पाईप जमिनीत, झरा वाहता आणि बाया हंडे घेऊन पुन्हा त्याच दोन किलोमीटरांवर.

दहा दिवसांनी, एका शुक्रवारी, समितीची अध्यक्ष ऑफिसात आली. चाळिशीची बाई, बारीक, ताठ. सकाळची एसटी पकडून एकटीच आली होती. खांद्याला पिशवी आणि पिशवीत दोरीचं मोठं वेटोळं. सर त्या दिवशी येवल्याला गेले होते, सुपरवायझर त्यांच्याबरोबर. ऑफिसात मी होते.

"पत्र कोणी लिवलं?" तिने विचारलं.

"सरांनी. पण ताई, आकडे माझे आहेत. बसा."

ती बसली नाही. "गुरुजींनी पत्र समद्यांसमोर वाचलं. आमी चर चोरला, असा त्याचा अर्थ व्हतो. व्हतो का नाय?"

मी तिला पाणी दिलं आणि पडद्यासमोर बोलावलं. झरा दाखवला, टाकी दाखवली, मधली रेष दाखवली. "ताई, हे आभाळातून मोजलंय. त्याला कुणाची बाजू घ्यायची नसते."

तिने पडद्याच्या जवळ जाऊन बराच वेळ पाहिलं. "ह्यो एक चौकोन केवढा?"

"साधारण ब्याण्णव मीटर. तुमची दोन-तीन खाचरं मावतील."

"आन् त्यात आकडा एकच?"

"एकच."

"माझं खाचर खाली हाय, दिराचं वर हाय, मधून ओहोळ जातो. तिघांची उंची एकच लिवली तुमी?"

"म्हणून तर उंच्या जागेवर तपासल्या ना. नळी लावली होती, तुम्हीच धरली असेल."

"धरली व्हती. आन् लांबी? ती कुठं तपासली?"

मी म्हणाले, "लांबी तपासायची गरज नव्हती." हे वाक्य मी ज्या सुरात म्हणाले तो सूर मला अजून ऐकू येतो.

तिने पिशवीतली दोरी काढून माझ्या टेबलावर ठेवली. दर दहा मीटरला लाल चिंधी बांधलेली, शाळेतल्या गुरुजींची मीटरपट्टी लावून. "आमी दोनदा मोजली. एकोणीसशेला कमीच भरती. आमची दोरी खोटी आसंल तर तुमची टेप आना. उद्या चला."

सरांना विचारते, असं म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "उद्या पहिल्या गाडीने येते." मनातून मला खात्री होती की टेप लावल्यावर गाळलेला वळसा सापडेल आणि सगळ्यांसमोर सापडेल.

शनिवारी सकाळी घाट चढून पेठला उतरले, तिथून जीपने पाड्याच्या पायथ्याशी. पाच-सहा बाया आणि दोन म्हातारे थांबलेच होते. मी तीस मीटरची स्टीलची टेप काढली, तिचं एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं अध्यक्षबाईच्या हातात दिलं. झऱ्याच्या हौदापासून सुरुवात केली. टेप एकदा पूर्ण झाली की एक खडा मी पिशवीत टाकायची. दर चार-पाच टेपांनंतर एका जागी पहार मारून बघायचो, पाईप खाली आहे का. प्रत्येक वेळी ठण्ण आवाज यायचा. सुपरवायझरने चुन्याने रंगवलेला प्रत्येक दगड आपल्या जागी होता आणि बुजवलेला चर प्रत्येक दगडाला शिवून गेला होता. खडकाळ वळसाही होता. तिथे त्यांनी छिन्नीने खडक फोडला होता, कपच्या अजून बाजूला पडलेल्या.

टाकीपाशी पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मी सावलीत बसून खडे मोजले. त्रेसष्ट. वर दोन मीटर. अठराशे ब्याण्णव. माझ्या नकाशावर दोन हजार होते.

मी खडे पुन्हा मोजले. बाया बघत होत्या. एकीने भाकरी आणि चटणी पुढे केली. मी खाल्ली, कारण नाही म्हणायला तोंड नव्हतं. अध्यक्षबाई जिंकल्यासारखी वागली नाही. तिने एवढंच विचारलं, "कुलूप?"

"किल्ली ऑफिसात आहे. चर बरोबर आहे, मी लिहून देते. चूक कुठे आहे ते मला अजून कळलेलं नाही, पण ती तुमची नाही. मंगळवारपर्यंत पाणी सुरू करते."

"मंगळवार," ती म्हणाली आणि टेप गुंडाळायला मला मदत केली.

रविवारी घरी मी कुणाशी धड बोलत नव्हते. बाबा निवृत्त व्हायला आले होते. व्हरांड्यात कूलरचं जुनं गवत काढून नवं भरत होते. त्यांनी विचारलं म्हणून मी सगळं सांगितलं.

"तू तपासलं होतंस म्हणालीस ना?"

"हो. देऊळ आणि पूल. अगदी जुळलं होतं."

"एकच जागा?"

"एकच. पण अगदी जुळलं होतं."

बाबा गवत दाबत म्हणाले, "आमच्याकडे नवा मीटर बसवला की शून्याला बघतात, मध्यावर बघतात आणि वर नेऊन बघतात. एका जागी तर बंद पडलेला मीटरपण बरोबर दाखवतो. देऊळ-पूल कुठल्या दिशेला आहेत?"

"उत्तर-दक्षिण."

"आणि पाईप?"

मी उठले. माळ्यावर जुन्या टोपोशीटची गुंडाळी होती, ऑफिसने रद्दीत काढलेली. पेठकडचा एक कागद फरशीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. त्या कागदावर पंधरा मिनिटं अक्षांश आणि पंधरा मिनिटं रेखांश असतात, दोन्ही सारखेच. मी पट्टी लावली. उभी बाजू पंचावन्न सेंटिमीटरच्या थोडी वर. आडवी बाजू बावन्नच्या थोडी वर. वरची कड खालच्या कडेपेक्षा जेमतेम मिलिमीटरभर आखूड.

कागद चौरस नव्हता. कित्येक वर्षं मी त्याच्यावर ट्रेसिंग पेपर पसरत आले होते. पेपर कापताना रुंदीला कमी कापायचा हे माझ्या हाताला पाठ होतं आणि डोक्याने कधी विचारलं नव्हतं, का.

रेखांशाच्या रेषा विषुववृत्तावर सर्वात लांब-लांब असतात आणि ध्रुवाकडे जाता जाता जवळ येत एका बिंदूत मिळतात. सातवीच्या भूगोलात हे आहे. म्हणजे तीन सेकंद उत्तर-दक्षिण कुठेही जवळजवळ तेवढेच, पण तीन सेकंद पूर्व-पश्चिम जागेप्रमाणे आखडत जातात. वीस अंशांवर किती, ते कॅल्क्युलेटरने काढलं. ब्याण्णवचे सत्त्याऐंशी. पडद्यावरचा माझा चौकोन चौरस नव्हताच, उभट होता. मी त्याला आडवा ताणला होता आणि त्याच्याबरोबर पूर्व-पश्चिम धावणारी प्रत्येक लाईन ताणली होती. दोन हजार गुणिले सत्त्याऐंशी भागिले ब्याण्णव: अठराशे एक्क्याण्णव. टेपपेक्षा एक मीटर कमी.

पहिल्यांदा मला आनंद झाला, हे कबूल करते. गणित सुटल्याचा निव्वळ आनंद. बाबांना ओरडून सांगितलं. मग गुरुजींनी ते पत्र सगळ्यांसमोर वाचलं होतं, हे आठवलं आणि मी कागद गुंडाळून ठेवला.

सोमवारी सर यायच्या आधी मी ऑफिसात होते. टोपोशीट त्यांच्या टेबलावर पसरून ठेवलं होतं. सरांनी ऐकलं, स्वतः पट्टी लावून पाहिलं, चष्मा काढला. "मला कळायला हवं होतं," ते म्हणाले. मग कागद ओढून पत्राचा मसुदा लिहायला घेतला. मी खांद्यावरून वाचलं: 'काही तांत्रिक कारणांमुळे लांबीच्या मोजमापात तफावत आढळल्याने...'

"सर, तांत्रिक कारण म्हणजे मी," मी म्हणाले. "तसं लिहू द्या. पहिलं पत्र त्यांच्यावर होतं. दुसरं कुणावरच नसेल तर पहिलंच खरं राहील."

सरांनी पेन माझ्याकडे दिलं. मी चार ओळी लिहिल्या. चर आराखड्याप्रमाणेच खोदलेला आहे, मी स्वतः मोजला आहे. नकाशातली लांबी चुकीची होती. चूक आमच्या ऑफिसची आहे. त्याबद्दल माफी मागतो. सरांनी सही केली. सुपरवायझर दारात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, "वळसा गाळला असणार, हे मी न बघताच बोललो होतो." आणि ड्रॉवरमधून किल्ली काढली.

मंगळवारी आम्ही तिघं गेलो. गुरुजींनी हेही पत्र सगळ्यांसमोर वाचलं. ते संपल्यावर अध्यक्षबाई म्हणाली, "पन चूक झाली कशी, ते सांगा. समद्यांना कळू द्या."

मी समजावायला लागले. पृथ्वी गोल, उभ्या रेषा, वर जाऊन मिळतात. हातवारे केले. म्हाताऱ्यांपैकी एक जण मान हलवत होता ती नुसती सभ्यपणाची. मग अध्यक्षबाईने ओट्यावरची बांबूची टोपली उचलून पालथी केली. टोपल्या ती स्वतः विणायची. "ह्या उभ्या पट्ट्या काठाला लांब-लांब असत्यात, बुडाकडं जवळ येत्यात. तसं का?"

"अगदी तसं."

"मंग काठाचं माप घेऊन बुडाकडची पट्टी कोन कापतं?" ती म्हणाली आणि सगळ्या बाया हसल्या. मीही हसले.

सुपरवायझरने कुलूप काढलं, पण व्हॉल्व्ह फिरवला नाही. बाजूला होऊन तिला पुढे बोलावलं. तिने दोन्ही हातांनी फिरवला. आधी हवा फुसफुसली, मग तांबडं पाणी आलं, आणि हळूहळू निवळलं.

उरलेल्या अठरा पाईपांचं काय, हा प्रश्न होताच. टाकीच्या खालच्या अंगाला तीन घरं आणि शाळा होती. मंजूर खर्चात तेवढी लांबी बसणार नाही म्हणून ती आम्ही आराखड्यातून वगळली होती. समितीने अर्ज दिला, सरांनी मंजुरी आणली आणि जूनच्या आत तिथपर्यंत नळ गेला. त्या वेळी मी जागेवर टेप घेऊन गेले, दोन्ही दिशांना.

ऑफिसात परतल्यावर मी आधीची सगळी कामं काढली. त्याच ब्याण्णवच्या चौकोनावर आणखी सात आराखडे काढलेले होते. सगळे नव्याने केले. तलावांची क्षेत्रफळं सहा टक्क्यांच्या आसपास फुगलेली होती, पूर्व-पश्चिम उतार होते त्यापेक्षा सौम्य दिसत होते. दोन योजनांची खोदाई सुरू व्हायची होती, त्या वेळेत दुरुस्त झाल्या. पंधरा दिवस लागले. चूक सापडल्यापासून माझा हात उलट जास्त ठाम झाला होता, कारण आता चौकोन काय चीज आहे ते मला खरंच माहीत होतं.

पुढच्या एक-दोन वर्षांत अशा नकाशांसाठी बाहेरची कामं येऊ लागली. एकदा हिमाचलकडच्या एका संस्थेचा फोन आला. त्यांना डोंगरी गावांच्या पाणीयोजनांसाठी उंचीचे नकाशे हवे होते. सरांनी थोडं बोलून फोन माझ्याकडे दिला. "हिलाच विचारा," ते म्हणाले.

मी पहिला प्रश्न विचारला, "तुमची गावं किती अक्षांशावर आहेत?"

पलीकडचा माणूस हिंदीत म्हणाला, "मॅडम, गावांची यादी पाठवतोच आहे. अक्षांश कशाला हवा?"

"एकतीस-बत्तीस असेल तर तुमचा चौकोन आमच्यापेक्षा आठ मीटर अरुंद आहे," मी म्हणाले. "आणि जिथे पाईप टाकणार तिथे एक टेप आणि दोन माणसं तयार ठेवा. मी नकाशा पाठवेन, पण तो पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण दोन्हीकडून जमिनीवर जुळल्याशिवाय त्याच्यावरून काही मागवू नका."

त्याने कागद-पेन घेतल्याचा आवाज आला आणि तो म्हणाला, "हां मॅडम, बोलिए. लिख रहा हूँ."